बाबा, ५०४ नंबर आणि चौकातला जाकीटवाला

बाबा टोरंटोला आले २०२४ च्या जूनमध्ये, आणि आले ते आईच्या आग्रहामुळे, स्वतःच्या मनाने नाही. तिकडे येऊन मी करू काय, घरात बसून टीव्हीच बघायचा तर धनकवडीत काय वाईट आहे, हे त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर, ड्रायव्हर होते ते. २००७ ला पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झालं तरी आमच्या घरात अजून पीएमटीच म्हणतात. तर मी त्यांना नायगारा दाखवला, सीएन टॉवर दाखवला, दोन्हीकडे "छान आहे" म्हणाले आणि गप्प. मग एका शुक्रवारी ऑफिसमधून लवकर सुटले आणि त्यांना किंग स्ट्रीटवर ५०४ नंबरच्या ट्राममध्ये बसवलं, तर माणूस एकदम जागा झाला!

पहिला प्रश्न, कंडक्टर कुठाय. मी म्हटलं नाहीये, कार्ड टेकवायचं मशीनला आणि चढायचं, चारही दारांतून कुठूनही. "मग फुकट्यांचं काय?" मधूनमधून चेकर येतो म्हटलं, त्यावर "हां, लाइन चेकिंग" म्हणून मान डोलावली. मग त्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. प्रत्येक स्टॉपला. दारं उघडली की बघायचं, बंद झाली की बघायचं, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायचं. मी मोबाईलमध्ये होते, थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, स्टॉपवर वेळच जात नाही यांचा. आपल्याकडं मागनं चढा पुढनं उतरा, त्यात अर्धी ट्रिप जायची." ट्राम तीस मीटर लांब, पाच डबे जोडल्यासारखी, ते वाकून वाकून मधल्या सांध्याकडे बघत होते. वळणावर तो सांधा फिरला तेव्हा मला कोपराने ढोसलं. साठी उलटलेला माणूस.

पण खरी गंमत पुढे. जार्विस ते बॅथर्स्ट हा किंग स्ट्रीटचा साधारण अडीच-पावणेतीन किलोमीटरचा तुकडा डाऊनटाऊनच्या पोटातून जातो, बँकांचे टॉवर, थिएटरं, हॉटेलं, सगळं तिथेच. आणि संध्याकाळी पाच वाजता आमची ट्राम कुठे अडकतच नव्हती. पुढे गाड्यांची रांग नाही. बाबांनी बाहेर बघितलं, परत बघितलं आणि विचारलं, "गाड्या बंद केल्यात काय इथं?"

बंद नाही केल्या, आणि मला वाटतं हीच त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात, बारा तारखेला, शहराने इथे एक प्रयोग सुरू केला. नियम इतकाच की कार घेऊन या रस्त्यावर यायला हरकत नाही, पण बहुतेक मोठ्या चौकात सरळ पुढे जायचं नाही, उजवीकडे वळून बाहेर पडायचं. (इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आपल्या हिशेबाने ते डावं वळण, सोपं वळण, समोरच्याला आडवं न जाता होणारं.) डावीकडे वळायलाही बंदी. मोडलं तर ११० डॉलर दंड आणि लायसन्सवर दोन पॉइंट. म्हणजे तुम्हाला हॉटेलात माणूस सोडायचाय, दुकानात माल टाकायचाय, तुम्ही एक ब्लॉक येऊ शकता, काम करा आणि निघा. फक्त किंग स्ट्रीटचा शॉर्टकट म्हणून वापर करून आरपार जाता येत नाही. सायकल सरळ जाऊ शकते, ट्राम तर जातेच. टॅक्सीवाल्यांना रात्री दहा ते पहाटे पाच सूट. रस्त्याच्या कडेचं पार्किंग काढून टाकलं, साधारण १८० गाड्यांची जागा होती ती, आणि तिथे कुंड्या, बाकं, रंगवलेले काँक्रीटचे ठोकळे, लाकडी खुर्च्या असं काय काय ठेवलं. खर्च साधारण पंधरा लाख डॉलर, जो इथल्या रस्त्याच्या कामात चहापाण्याचा खर्च म्हणावा इतका कमी आहे.

खोदकाम नाही, उड्डाणपूल नाही, रुळ आधीपासून होतेच. रंग, पाट्या आणि कुंड्या, बास.

आधी काय अवस्था होती ते मी पाहिलेलं नाही, मी इथे २०१९ मध्ये आले, पण ऑफिसातले जुने लोक सांगतात की घाई असेल तर उतरून चालत जायचो. या एका रस्त्यावरून ट्रामने आठवड्याच्या दिवशी जाणारे ७२ हजार लोक होते आणि कारची संख्या दिवसाला वीस हजारच्या आसपास. आता कारमध्ये सव्वा माणूस धरा, दीड धरा, तरी हिशोब कळतो ना? रस्त्याचा बहुतेक भाग वीस हजार डब्यांनी अडवलेला आणि ७२ हजार माणसं त्यांच्या मागे उभी. प्रयोगानंतर तो ७२ चा आकडा ८४ हजारांवर गेला. संध्याकाळच्या गर्दीतली सगळ्यात रखडणारी फेरी चार-पाच मिनिटांनी सुधारली. आणि शेजारच्या रस्त्यांवर गाड्यांचा पूर येईल, शहर ठप्प होईल म्हणून जी बोंब होती तसं काही झालं नाही, तिथला कारचा वेळ इकडेतिकडे मिनिटभराच्या आतच बदलला.

चार-पाच मिनिटं ऐकून मला ते फारच थोडं वाटलं होतं. बाबांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. "चार मिनिटं थोडी वाटतात तुला? एका ट्रिपला चार, दिवसाला आठ ट्रिपा, अर्ध्या तासाच्या वर गेलं. तेवढ्यात एक ट्रिप जास्त होती. तीच गाडी, तोच ड्रायव्हर." मग त्यांनी अजून एक सांगितलं जे मी कुठल्याच रिपोर्टमध्ये इतक्या सरळ वाचलं नव्हतं. एक गाडी रखडली की तिच्या स्टॉपवर माणसं साठतात, ती सगळी तिच्यातच चढतात, म्हणून ती अजून रखडते, आणि मागची गाडी रिकामी रिकामी येऊन तिला चिकटते. मग लोक म्हणणार अर्धा तास बस नाही आणि आल्या तर दोन एकदम. "गाड्या चिकटल्या की आम्ही शिव्या खायच्या. चूक कुणाची? पुढच्या चौकात आडव्या घातलेल्या एका रिक्षाची."

मग ते जे म्हणाले ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं. बस रस्त्यात कधी लेट होत नाही गं, चौकात लेट होते.

स्टॉपचंही तेच. किंग स्ट्रीटचे बरेचसे थांबे पूर्वी सिग्नलच्या अलीकडे होते, ते उचलून चौकाच्या पलीकडे नेले. मला यात काय विशेष ते कळायचं नाही. बाबांना एका सेकंदात कळलं. सिग्नलच्या अलीकडे स्टॉप असला की हिरवा असताना तुम्ही माणसं चढवत बसता, चढवून झाली की लाल पडतो. दोनदा थांबायचं. पलीकडे असला की हिरव्यात चौक ओलांडायचा आणि मग निवांत माणसं घ्यायची. "हे ज्यानं केलं त्यानं कधीतरी गाडी चालवली असणार," असं त्यांनी सर्टिफिकेट दिलं. मला शंका आहे, पण असो.

विरोध झाला का? प्रचंड. हॉटेलवाले भडकले, गिऱ्हाईक येत नाही म्हणाले, आणि २०१८ च्या जानेवारीत, इथली जानेवारी म्हणजे उणे पंधरा वगैरे, एका हॉटेलवाल्याने दुकानाबाहेर बर्फाचा पुतळा केला, हाताचा, मधलं बोट वर केलेला. बाबांना फोटो दाखवला तर दोन मिनिटं हसत होते. आपल्याकडे पाटीवर भागलं असतं म्हणाले. पण मला त्या हॉटेलवाल्यांचं अगदीच हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही, भर थंडीत धंदा तसाही मंदावतो आणि त्यात समोरचं पार्किंग गेलं तर माणूस घाबरणारच. शहराने कार्डावरच्या खरेदीचे आकडे काढले तेव्हा एकूण खर्च पडला नव्हता, किंचित वाढलाच होता. एकूण, हां. एखाद्याचा पडला असेलही. एप्रिल २०१९ मध्ये नगरपालिकेने प्रयोग कायमचा केला. महापौर तेव्हा जॉन टोरी होते, कुणी क्रांतिकारक वगैरे नव्हेत, चांगलेच जपून चालणारे गृहस्थ, म्हणून तर मला ते जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

ट्राम मुळात या शहरात उरल्या हीच नवलाई आहे. १९६६ मध्ये ठरलं होतं की १९८० पर्यंत सगळ्या मोडीत काढायच्या, बस आणि मेट्रो असताना हे जुनं धूड कशाला म्हणून. १९७२ मध्ये नागरिकांनी उचलून धरलं आणि तो निर्णय फिरवला गेला. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, बोरीबंदर ते दादर. बाबांचे मामा परळला गिरणीत होते, ते त्या रात्री बघायला गेले होते म्हणे, माणसं लटकत होती बाहेरून. आपल्याकडे बघायला गर्दी झाली, थांबवायला नाही.

सायकलचं बोलायचं तर किंग स्ट्रीट सायकलवाल्यांना मोकळा असला तरी मी तिथे चालवत नाही. एकदा चालवली होती. पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि मी सरळ आडवी, हाताला तीन टाके, चूक माझीच, रूळ काटकोनात ओलांडायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, मला नव्हतं. त्यामुळे मी वरच्या अंगाच्या ॲडलेड आणि रिचमंडवरून जाते. हे दोन एकमेकांच्या उलटे वन-वे आहेत, पुण्यातल्या एफसी आणि जेएम रोडसारखे, आणि २०१४ पासून त्यांच्यावर सायकलसाठी वेगळी पट्टी आहे, मध्ये खांब-ठोकळे लावून कारपासून तोडलेली. म्हणजे एका रस्त्याला ट्राम दिली, दोन रस्त्यांना सायकलची पट्टी दिली आणि कारलाही तेच दोन रस्ते मिळाले. एकाच रस्त्यावर सगळ्यांना सगळं द्यायचा हट्ट केला नाही. पुण्यात मला नेहमी वाटतं की आपण एकाच रस्त्यावर फूटपाथ, सायकल ट्रॅक, बस, पार्किंग, वडापावची गाडी आणि मेट्रोचा खांब सगळं मावेल असं धरून चालतो.

बाबा स्वतः सायकलवरच डेपोत जायचे. पहिली पाळी असली की पहाटे चारला धनकवडीहून स्वारगेट, जुनी काळी सायकल, डायनॅमोचा दिवा. त्यांच्या मते पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते हौसेनं नाही, लोकांकडं दुसरं काही नव्हतं म्हणून. पैसे आल्यावर सगळ्यांनी स्कूटर घेतली, त्यांनीही घेतली. २०१८ मध्ये पेपरात आलं की पुण्यात गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्या, तेव्हा ते म्हणाले होते, बसा आता गाडीलाच गाडीत घेऊन.

आणि इथे बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनचा, विषय निघणारच होता. डिसेंबर २००६, कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशातला पहिला बीआरटी. बाबा त्यावर पहिल्या महिन्यापासून गाडी चालवत होते. मला आठवतंय, घरी येऊन पहिले दोन दिवस इतके खूश होते, मोकळी लेन मिळाली, राजासारखी गाडी नेली. मग हळूहळू स्कूटरवाले घुसायला लागले. मग रिक्षा. मग लाल दिव्याच्या गाडीच्या मागे चार कार. लोकांना बसस्टॉप गाठायला भर रस्ता ओलांडावा लागायचा, ते बिचारे जीव मुठीत धरून पळायचे, आणि त्या लेनमध्ये बस जोरात येतेय हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. बाबा म्हणायचे मला त्या लेनमध्ये भीती जास्त वाटते. बाहेर निदान सगळे हळू असतात. पुढे सातारा रस्ता परत खोदला, परत बांधला. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडीचा रेनबो बीआरटी आला तोवर बाबा निवृत्त झाले होते. नगर रस्त्यावरचा तर बांधून, चालवून, काढूनही टाकला.

तर त्या शुक्रवारी आम्ही स्पडाईनाला उतरलो आणि बाबा चौकात उभे राहिले. मला वाटलं दमले. ते बघत होते एका माणसाकडे, पिवळं जाकीट, हातात मोजे, चौकाच्या मधोमध. पोलीस नाही, शहराचा ट्रॅफिक एजंट. ट्राम आली की तो कारना हाताने थांबवायचा, चौकात अर्धवट घुसून बसणाऱ्याला मागेच रोखायचा. अर्धा तास आम्ही तिथे उभे. मी कंटाळून आइस्क्रीम आणलं, खाल्लं, तरी उभे.

तो माणूस तिथे का होता त्याची गोष्ट अशी, की प्रयोग गाजला, बक्षिसं मिळाली, कायम झाला, आणि मग सगळे दुसऱ्या कामाला लागले. कोविड आला. दंड करणारं कुणी चौकात दिसेना. लोकांच्या लक्षात आलं की सरळ गेलं तरी काही होत नाही. एकाने केलं की दुसरा करतो, हे काय फक्त आपल्याकडेच असतं असं थोडंच आहे! त्यात क्वीन स्ट्रीट मेट्रोच्या कामासाठी बंद झाला आणि तिथला लोंढाही इकडे आला. २०२३ पर्यंत किंग स्ट्रीट परत होता तिथे, ट्राम चौकात उभी आणि पुढे आडवी कार. पाट्या होत्या, कुंड्या होत्या, नियम होता, सगळं तसंच होतं. त्या वर्षाच्या शेवटी चौकाचौकात हे जाकीटवाले उभे केले आणि ट्राम परत धावायला लागली. तेवढ्यानेच.

बाबांना हे सांगितलं तर आश्चर्य वगैरे काही नाही. "आमच्याकडं पण वॉर्डन होते की. जिथं वॉर्डन उभा असायचा तिथं लेन मोकळी. तो जेवायला गेला की स्कूटर आत."

मी इतकी वर्षं समजत होते की बीआरटी डिझाईनमुळे फसला. डिझाईनमध्ये चुका होत्याच, ते सोडा. पण त्या अर्ध्या तासात मला वाटायला लागलं की आपण रस्ता "बांधून झाला" म्हणतो ना, तिथेच घोटाळा आहे. फीत कापली, फोटो झाला, संपलं. जंगली महाराज रस्ता घ्या. फूटपाथ खरंच सुरेख केलाय, रुंद, बसायला जागा, पोरांना खेळायला, मी सुट्टीत आले की मुद्दाम चालते तिथे. पण त्या सगळ्यात बसला काय मिळालं? बस आहे तिथेच, कारच्या मागे. आणि पार्किंगचे पैसे घ्यायचं धोरण २०१८ च्या मार्चमध्ये मंजूर झालं, ते पाचच रस्त्यांपुरतं ठेवलं आणि मग तेही राहिलं. रोज त्याच्या मागे लागणारं कुणीतरी लागतं, आणि त्या कामाला फीत नसते.

रात्री जेवताना बाबांनी पेपर नॅपकिनवर लक्ष्मी रोड काढला. गंभीरपणे. बेलबाग चौक, कुंटे चौक, विजय टॉकीज, अलका. वन-वे अलकाकडे. आता इथला नियम लावू म्हणाले, प्रत्येक चौकात कारने डावीकडे वळून बाहेर पडायचं, सरळ फक्त बस आणि सायकल. आणि पहिल्याच चौकात अडले. बेलबागला डावीकडे वळताच येत नाही, शिवाजी रोड स्वारगेटकडून येतो, उलटा वन-वे. उजवीकडे वळवावं लागेल. बाजीराव रोडला मात्र डावीकडे जमतं, तो स्वारगेटकडे जातो. मग नॅपकिन दुसरा. मग आईचा व्हिडिओ कॉल आला, तिने विचारलं काय चाललंय, तर "काम चालू आहे" म्हणाले. तुळशीबागेतल्या दुकानदारांचं काय करणार असं तिने विचारलं. तिचा मुद्दा बरोबर होता. पण मग तीच म्हणाली की विसर्जनाला लक्ष्मी रोड दीड दिवस बंद असतो, पालख्या येतात तेव्हा अर्धं शहर बंद असतं, तेव्हा कुणाला काही त्रास होत नाही, सगळे मांडव घालून उभे. २०२१ मध्ये ११ डिसेंबरला महापालिकेने लक्ष्मी रोडवर पादचारी दिन केला होता तेव्हा हे दोघं गेले होते, आईने रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला, तो आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी होता कितीतरी दिवस. एक दिवस जमतं आपल्याला. दुसऱ्या दिवशी तिथे कोण उभं राहणार हा प्रश्न आहे.

आणि इथेही सगळं गोडगोड नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल परदेशात राहून कौतुक करतेय. बाबा परत गेल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑन्टारियोच्या प्रांतिक सरकारने, म्हणजे प्रीमियर डग फोर्ड यांच्या सरकारने, कायदा केला की ब्लूअर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरच्या सायकलच्या पट्ट्या काढायच्या, वाहतूक तुंबते म्हणून. ब्लूअरवरची पट्टी २०१६ पासूनची, माझी रोजची. सायकलवाले कोर्टात गेले, जुलै २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की पट्ट्या काढणं घटनाबाह्य आहे, त्याने लोकांच्या जिवाला धोका आहे. सरकार म्हणालं अपील करणार. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले नगर रस्त्यासाठी कुणी कोर्टात गेलं असतं तर.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन चालू झालं, तेव्हापासून बाबा अधूनमधून स्वारगेटहून मेट्रोने मंडईत भाजी आणायला जातात, धनकवडीत भाजी मिळत नसल्यासारखे. जमिनीखालून दोन-तीन मिनिटांत पोचतो म्हणतात, वर आलं की तीच गर्दी, तेच हॉर्न, रस्ता ओलांडायला पाच मिनिटं. परवा फोन केला तेव्हा मागे हॉर्नच ऐकू येत होते, कुठे आहात विचारलं तर बेलबाग चौकात, पिशवी घेऊन उभे. काय करताय तिथे? बघतोय म्हणाले. बस कुठं अडकते ते बघतोय.

मग म्हणाले, तो जाकीटवाला अजून असतो का गं तिथं? मी म्हटलं हल्ली मी त्या बाजूला गेलेच नाहीये. तर म्हणाले जा आणि बघून सांग. आणि संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी कुणीही उभं राहतं.